कोठारे, गडांवरील

गडकोटांवरील शिबंदीसाठी लागणारे धान्य, मीठ, तेल, तूप इ. शिधासामग्री आणि दारूगोळा, शस्त्रे यांसारखे युद्धसाहित्य साठविण्यासाठी बांधलेल्या वास्तू. धान्याच्या कोठारास अंबरखाना किंवा अंबारखाना, तर तोफा-बंदुकांच्या दारूच्या कोठारास दारूखाना किंवा दारूकोठार अशा संज्ञा मराठी कागदपत्रांत रूढ होत्या. ‘कोठार’ हा शब्द ‘कोष्ठागार’ या संस्कृत शब्दावरून आला असून ‘अंबार’ म्हणजे रास किंवा साठा हा शब्द फार्सी आहे. गडाचा तट शत्रूला बाहेर थोपवितो. परंतु वेढा किती दिवस सोसावयाचा हे तटावरून ठरत नसून कोठारावरून ठरते. त्याचबरोबर दारूकोठार हे गडाचे सर्वांत धोक्याचे स्थानही असते. तटाला खिंडार न पडताही एकट्या कोठाराच्या नाशाने गड शत्रूच्या हाती गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कोरीगड हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय (१८१८). या दुहेरी स्वरूपामुळे गडावरील कोठारांचे स्थान, बांधणी आणि देखभाल यांना दुर्गस्थापत्यात स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले.

प्राचीन परंपरा : भारतात राज्याच्या कोठारांची परंपरा फार जुनी आहे. उत्तर प्रदेशातील सोहगौरा येथील ताम्रपट आणि बांगला देशातील महास्थान येथील शिलालेख या मौर्यकाळाच्या सुमाराच्या लेखांत आपत्काळासाठी राखून ठेवलेल्या धान्यकोठारांचे उल्लेख आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात सन्निधाता या अधिकाऱ्याने कोशगृह, पण्यगृह, कोष्ठागार, कुप्यगृह, आयुधागार आणि बंधनागार अशा वास्तू बांधवून घ्याव्यात, असे सांगितले आहे. दुर्गात धान्य, तेल, मीठ, औषधे, सरपण, लोखंड इ. वस्तूंचा अनेक वर्षे पुरेल इतका साठा असावा आणि जुन्या मालाच्या जागी नवा माल भरीत जावे, असा त्याचा दंडक आहे. कोष्ठागारात पर्जन्यमापनासाठी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवण्याची सूचनाही त्याच ग्रंथात आढळते. आयुधागारातील साहित्य उष्णता, ओल आणि कीड यांपासून जपावे, त्याची जागा वारंवार बदलावी व त्यास ऊन-वारा द्यावा, असेही तेथे सांगितले आहे. तोफांची दारू भारतात पुढे अनेक शतकांनी आली. तथापि साठविलेल्या वस्तूचा खरा शत्रू ओल हा असून साठ्याची नियमित हालचाल हाच त्यावरील उपाय आहे, ही जाण या प्राचीन नियमांतून स्पष्ट होते.

मुळशीचा परिसर व साठवणीची गरज : मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर वसलेला आहे. कोरीगड, घनगड व कैलासगड हे येथील प्रमुख डोंगरी किल्ले. देशावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. तैलबैला येथील कातळभिंतींच्या जवळून सवाष्णी घाट सुधागडाकडे उतरतो, तर घनगडाच्या परिसरातूनही कोकणात जाणाऱ्या वाटा आहेत. कैलासगड मुळशी धरणाच्या जलाशयाच्या परिसरात आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी सु. ७०० मिमी. पाऊस पडतो, मुळशीच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर, विशेषतः ताम्हिणीच्या बाजूस, त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटवाटा निसरड्या होतात, ओढे-नाले ओलांडता येत नाहीत आणि गडावर सामान चढविणे दुरापास्त होते. त्यामुळे शत्रूचा वेढा नसतानाही गडास दरवर्षी चार महिने वेढ्यासारखीच अवस्था प्राप्त होई. मृगापूर्वी, म्हणजे अगोटीस, धान्य, सरपण, वैरण व मीठ यांची बेगमी करून ठेवणे हे गडाच्या वार्षिक व्यवहारातील मोठे काम असे. पावसाळ्याचे हे चार महिने कोठारालाही कसोटीचे असत; कारण साठ्याची गरज आणि साठ्याचा नाश करणारी ओल ही दोन्ही एकाच वेळी येत.

व्यवस्था : शिवकालीन व्यवस्थेनुसार प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी असत आणि कारखानीस हा साठ्याचा व सामग्रीचा हिशेब पाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन केले असून राज्याच्या अठरा कारखान्यांत अंबरखान्याचा उल्लेख केला आहे. कारखाना या शब्दाचा येथील अर्थ वस्तू तयार करण्याचे ठिकाण एवढाच नसून साठवण, जतन व वाटप करणारे खाते असा आहे. गड एकाच माणसाच्या हाती राहू नये हा अधिकाऱ्यांच्या समान दर्जामागील हेतू होता. कोठाराच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरे. धान्य आत घेणे, त्याची मोजदाद करणे आणि कोठारास मोहोर लावणे ही कामे वेगवेगळ्या हातांत असल्याने एकाच्या लबाडीने किंवा फितुरीने गडाचा साठा रिकामा होण्याची भीती कमी होई.

धान्यकोठारांची बांधणी : दख्खनच्या कोरड्या पठारावर धान्य साठविण्याची जुनी पद्धत म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा खणून, त्याला आतून पेंढा-गवताचे अस्तर देऊन त्यात धान्य भरीत आणि तोंड लिंपून बंद करीत. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे याच पद्धतीची असून २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेक निकामी झाली. जमिनीत पाणी मुरू लागताच पेव कसे वाया जाते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय. मावळासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात पेव टिकणे कठीण. म्हणून तेथील घराघरांत जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणग्या वापरात आल्या. गडावरील अंबरखान्यात याच तत्त्वाचा दगडी विस्तार दिसतो. त्यासाठी उंच जोते, जाड भिंती, पाणी न साठता वाहून जाईल असे छत, मोजकीच दारे आणि उंचावर ठेवलेले लहान झरोके अशी रचना करीत. भिंतींना आतून चुन्याचा गिलावा दिल्याने फटी बुजत, कीड व उंदीर यांना आसरा मिळत नसे आणि ओलही काही प्रमाणात अडत असे.

साठवावयाच्या धान्याची निवडही वास्तूइतकीच विचारपूर्वक केलेली असे. नाचणी ही बारीक दाण्याची असून तिला कीड सहसा लागत नाही व ती अनेक वर्षे टिकते. तांदळापेक्षा टरफलासह भात अधिक टिकतो. कारण टरफल दाण्याचे रक्षण करते. नाचणी, वरी व भात ही मावळातील व घाटमाथ्यावरील डोंगरउतारांची मुख्य पिके होत. त्यामुळे परिसरातच पिकणारे आणि दीर्घकाळ टिकणारे धान्य गडावर भरता येई.

महाराष्ट्रातील लष्करी धान्यकोठारांचा सर्वोत्कृष्ट नमुना कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळगडावर पाहावयास मिळतो. तेथील अंबरखाना हा गडाच्या आतील जणू दुसरा गड असून त्याला स्वतंत्र खंदकाचे संरक्षण होते. त्यात गंगा, यमुना व सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. सर्वांत मोठ्या गंगा कोठीचे क्षेत्रफळ सु. ९५० चौ. मी. व उंची सु. १०.७ मी. आहे. आतील भाग १६ खणांत विभागलेला असून प्रत्येक खणावर चपटा घुमट आहे. घुमटाच्या माथ्यावर धान्य ओतण्यासाठी छिद्र ठेवलेले आहे. बाहेरच्या बाजूने छतावर जाण्यासाठी जिने आहेत. धान्य वरून ओतावयाचे व खालच्या दारातून काढावयाचे, अशी ही योजना होती. तीमुळे भरताना कोठाराची दारे उघडावी लागत नसत, श्रम वाचत आणि खणानुसार मोजदाद ठेवता येई. खण पाडल्यामुळे छताचा भार अनेक आधारांवर विभागला जाई आणि एवढी मोठी जागा लाकडी तुळयांशिवाय आच्छादता येई. लाकूड टाळल्याने आग व वाळवी या दोहोंचे भय कमी झाले. या कोठीत वरी, नागली व भात मिळून सु. २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. खंडीचे माप प्रदेशाप्रमाणे बदलत असले, तरी क्षेत्रफळ व उंची यांवरून निघणारे सु. १०,००० घ. मी. हे स्थूल घनफळ लक्षात घेता या कोठीची प्रचंड क्षमता सहज ध्यानात येते. कोठाराच्या काही भागांतील गिलाव्याचे काम विजापुरी शैलीचे आहे. सिद्दी जौहरने १६६० मध्ये घातलेला वेढा पन्हाळगडाने सु. चार महिने सोसला. १३ जुलै १६६० च्या सुमारास भर पावसात शिवाजी महाराज गडावरून विशाळगडाकडे निसटले. तोवर गड लढता राहिला, त्यामागे अशा साठवणीचे बळ होते.

तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यातही मोठी कमानदार छतांची धान्यकोठारे आहेत. छत्रपती राजाराम महाराजांच्या वास्तव्यकाळात मोगलांचा या किल्ल्यास पडलेला वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत अधूनमधून खंडित होत चालला. पुणे जिल्ह्यात शिवनेरीवर अंबरखान्याची इमारत आढळते. लोहगडावर मात्र वेगळी पद्धत दिसते. तेथील लक्ष्मीकोठी ही कातळात खोदलेली प्रशस्त लेणी असून तिचा उपयोग साठवणीसाठी केला गेला. सह्याद्रीतील अनेक गडांवर पूर्वीच्या काळातील लेणी अशा रीतीने पुन्हा उपयोगात आणल्या गेल्या. कातळातील खोली आगीपासून व तोफगोळ्यापासून सुरक्षित असते. परंतु पावसाळ्यात कातळातून पाणी पाझरत असल्याने धान्यापेक्षा ओलीने न बिघडणाऱ्या वस्तू तेथे ठेवणे सोयीचे असे.

दारूकोठारांची बांधणी : तोफा-बंदुकांची काळी दारू हे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण असून त्यात सोऱ्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे सु. तीनचतुर्थांश असते. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी शोषत नाही. परंतु जमिनीतील मातीपासून काढलेल्या सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असतात आणि ते ओल शोषून घेतात. ओलसर दारू नीट पेट घेत नाही. पुन्हा वाळविली तरी तिच्यातील सोरा पृष्ठभागावर येऊन मिश्रण बिघडलेले असते. याउलट कोरडी दारू एका ठिणगीने उडते. यामुळे दारूकोठार कोरडे असावे पण तेथे अग्नी नसावा, हवा खेळावी पण ठिणगी शिरू नये, जवळ असावे पण वस्तीपासून दूर असावे, अशा परस्परविरोधी अटी त्याच्या बांधणीत पाळाव्या लागत.

या अटींचे मराठीतील सर्वांत स्पष्ट विवेचन रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात आढळते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी तपशीलवार नियम आहेत. त्यांचा आशय असा : दारूखाना राहत्या घरांजवळ किंवा घरांकडून येणाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात असू नये, सदरेपासून बेताच्या अंतरावर प्रशस्त जागा निवडून तिच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडोऱ्याचे कुंपण घालावे, इमारतीस तळघर करून त्याची जमीन चुनेगच्ची करावी, तळघरात माच बांधून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, अग्निबाण व फेकावयाचे दारूगोळे मधल्या घरात ठेवावेत, ओल येऊ देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन साहित्य बाहेर काढावे, त्यास ऊन देऊन पुन्हा आत ठेवावे व दारास मोहोर करावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणासही जवळ येऊ देऊ नये.

या नियमांमागील कारणपरंपरा पाहण्यासारखी आहे. वाऱ्याच्या दिशेचा विचार चुलीतील व मशालीतील ठिणग्यांमुळे केलेला आहे. हिरव्या झाडोऱ्याचे कुंपण उडत येणारी ठिणगी अडविते, शिवाय ते लाकडी कुंपणासारखे चटकन पेटत नाही. चुनेगच्ची जमिनीमुळे खालून येणारी ओल थांबते आणि माचामुळे भांडी जमिनीपासून अलग राहतात. त्यांच्याखालून हवा खेळते. दारू अनेक लहान मडक्यांत विभागल्याने उन्हात काढणे सोपे होते व ओल लागली तरी साऱ्या साठ्याचे नुकसान होत नाही. तळघरात ठेवलेली दारू जमिनीच्या आडोशाला असल्याने बाजूने येणाऱ्या गोळ्यापासून सुरक्षित राहते. ठराविक दिवसांनी साहित्यास ऊन देण्याचा नियम तर अर्थशास्त्रातील आयुधागाराच्या नियमाशी थेट जुळतो. वास्तूने ओल पूर्णपणे अडत नाही, तेव्हा उरलेले काम माणसाच्या नियमित दक्षतेने करावयाचे, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी समान आहे.

प्रत्यक्ष गडांवर दारूकोठारांचे अवशेष आढळतात. राजगडावर पद्मावती माचीवर दारूकोठार दाखविले जाते. रायगडावर बारा टाक्यांच्या परिसरात दारूकोठाराचे अवशेष आहेत. सिंहगडावर पुणे दरवाज्याने आत गेल्यावर उजवीकडे दारूकोठाराची दगडी इमारत लागते. सह्याद्रीतील अशा इमारतींत स्थानिक काळा बेसाल्ट दगड व चुना हीच मुख्य सामग्री असे. गडावरील टाकी खोदताना निघालेला दगड तट व इमारती यांच्या बांधकामास वापरीत. त्यामुळे पाण्याची साठवण व सामग्रीची साठवण ही एकाच कामाची दोन अंगे ठरत.

आग व अपघात : साठ्याला शत्रूपेक्षा आपल्याच माणसांच्या निष्काळजीपणाचे भय अधिक असते, याची जाणीव शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळील हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दिसते. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणे व वैरण आधीच उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील आणि शिपाई रयतेस लुबाडू लागतील, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजींजवळ चुली पेटविणे, तंबाखू ओढणे, रात्री दिवे तसेच ठेवणे यांतून आग लागण्याचा धोका त्यात सांगितला असून उंदीर जळती वात ओढून नेतो, येथवर बारकाईने विचार केलेला आहे. साठ्याच्या रक्षणाचा प्रश्न रयतेच्या रक्षणाशी कसा निगडित आहे, हे या पत्राने दाखविले आहे. कोठार रिकामे झाले की त्याचा भार अखेर जवळच्या गावांवर पडतो.

वीज हा दुसरा धोका. डोंगरमाथ्यावरील एकाकी दगडी इमारतीस तो विशेष असतो. सिंहगडावरील दारूकोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडून स्फोट झाला. त्यात गडाच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त होऊन घरातील माणसे मृत्युमुखी पडली. दारूखाना घरांपासून दूर असावा या आज्ञापत्रातील नियमाचे मोल या घटनेवरून ध्यानात येते. हा धोका जगभर होता. हॉलंडमधील डेल्फ्ट शहराचा मोठा भाग १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूकोठाराच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाला. इटलीतील ब्रेशा येथे १७६९ मध्ये दारूच्या साठ्यावर वीज पडून मोठी प्राणहानी झाली. बेंजामिन फ्रँक्लिनच्या १७५२ च्या सुमाराच्या प्रयोगांनंतर तडितरक्षकाचा उपाय उपलब्ध झाला होता. इंग्लंडमधील पर्फ्लीट येथील दारूकोठारांसाठी तो वापरावा, असा सल्ला १७७२ मध्ये फ्रँक्लिनचा समावेश असलेल्या समितीने दिला. सिंहगडावरील दुर्घटना या उपायाच्या उदयापूर्वी जेमतेम एक वर्ष घडली होती.

उखळी तोफा व कोरीगडाचा पाडाव : आज्ञापत्रातील नियम प्रामुख्याने ओल, ठिणगी व फितुरी यांच्यापासून साठ्याचे रक्षण करणारे आहेत. आकाशातून पडणाऱ्या स्फोटक गोळ्याचा विचार मात्र वेगळ्या बांधणीची अपेक्षा करतो. सरळ मारा करणाऱ्या तोफेचा गोळा तटावर आदळतो. उखळी तोफेचा गोळा उंच कमानीत जाऊन तटामागे पडतो व फुटतो. अशा माऱ्यापुढे तटाची उंची निरुपयोगी ठरते आणि तटाच्या आतील छत हेच संरक्षणाचे खरे साधन बनते. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होबां या दुर्गस्थापतीने दारूकोठारांसाठी जाड दगडी कमानछत, बाहेरून टेकू देणारे दगडी पुस्ते आणि सरळ आरपार नसलेली, वळणाची हवाछिद्रे असा नमुना रूढ केला. वळणामुळे हवा आत येई, पण ठिणगी किंवा गोळ्याची कपची आत शिरत नसे. सह्याद्रीतील गडांची भिस्त मुख्यतः डोंगराच्या उंचीवर व तुटलेल्या कड्यांवर होती. जड तोफा घाटमाथ्यावर चढविणे कठीण असेतोवर ती पुरेशीही ठरली.

तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात ही परिस्थिती पालटली. कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील इंग्रज फौजेने मार्च १८१८ मध्ये बोरघाटाच्या परिसरातील लोहगड, विसापूर हे किल्ले घेऊन दक्षिणेकडे मोर्चा वळविला. कोरीगड हा लोणावळ्याच्या दक्षिणेस सु. २५ किमी.वर, पेठ शहापूर गावाजवळ असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. ९३० मी. आहे. कुवारीगड या नावानेही तो ओळखला जातो. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना यांच्याबरोबर १६५७ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला होता. माथा सपाट व विस्तृत, भोवती सलग तटबंदी, गणेश दरवाज्यातून येणारी चढाची वाट आणि माथ्यावर दोन तलाव अशी त्याची रचना आहे. गडावर कोराई देवीचे मंदिर असून त्याच्या परिसरातील लक्ष्मी ही तोफ गडावरील तोफांत सर्वांत मोठी आहे. पाणी, तट व तोफा या तिन्ही दृष्टींनी गड समर्थ होता. प्रॉथरने ११ मार्च रोजी लढा सुरू केला. तीन दिवस गड दाद देईना. १४ मार्च १८१८ रोजी तोफेचा गोळा दारूकोठारावर पडून मोठा भडका उडाला आणि शिबंदीने गड खाली केला. त्याच महिन्यात घनगडही इंग्रजांच्या ताब्यात गेला.

कोरीगडाची तटबंदी आजही बऱ्याच अंशी उभी आहे. यावरून गड तटाच्या दुर्बलतेमुळे पडला नाही, हे उघड होते. दारू गेल्यावर तोफा निरुपयोगी झाल्या आणि सपाट माथ्यावर आगीपासून आडोसा उरला नाही. सपाट माथा हा एरवी गडाचा गुण होय. कारण तेथे वस्ती, तलाव व कोठारे यांना भरपूर जागा मिळते. तथापि उखळी माऱ्यात हाच गुण दोष ठरतो. उंचवटा किंवा कातळकडा मध्ये नसल्याने आतील प्रत्येक इमारत गोळ्याच्या टप्प्यात येते. याच मोहिमेत पुढे प्रॉथरने पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर मारा केला. तेथेही आगीत राजवाडा व इतर इमारती जळाल्या आणि १० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. रायगडासारखा दुर्घट किल्लाही आतील इमारती जळाल्यावर टिकू शकला नाही. डोंगरी किल्ल्यांचे लष्करी युग संपण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक प्रमुख कारण होय.

उत्तरकाळ : इंग्रजी अमलात डोंगरी किल्ल्यांवरील साठे उठविण्यात आले व लष्करी साठवणीचे केंद्र पठारावरील छावण्यांकडे सरकले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. पुढे रेल्वे व सडका यांच्या सोयीने डोंगरमाथ्याची गरज उरली नाही. आधुनिक दारूगोळा भांडारांत मातीच्या भरावाखाली झाकलेल्या, एकमेकींपासून ठराविक अंतरावर विखुरलेल्या लहान लहान इमारती असतात. एका इमारतीतील स्फोट दुसरीपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागील हेतू होय. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत जीवितहानी झाली. अंतर, विभागणी, ओलीपासून रक्षण आणि अखंड पहारा ही जुन्या दारूखान्यांची चतुःसूत्री आधुनिक भांडारांतही कायम आहे. फरक आहे तो साधनांचा.

अवशेषांची ओळख व जतन : गडांवरील पडक्या इमारतींपैकी कोठार कोणते, हे ओळखण्यास त्याच्या बांधणीचा उपयोग होतो. धान्यकोठार सामान्यतः वाडा, सदर किंवा बालेकिल्ला यांच्या जवळ असते. त्याचे जोते उंच, आतील भाग खणांत विभागलेला आणि छत शिल्लक असल्यास त्यात धान्य ओतण्याची छिद्रे असतात. दारूकोठार वस्तीपासून अलग, एकाकी, जाड भिंतींचे व अत्यल्प उजेडाचे असते. त्यात चूल, कोनाड्यातील दिव्याची काजळी किंवा राहत्या घराच्या इतर खुणा आढळत नाहीत. केवळ नावावरून ओळख पटविणे धोक्याचे असते. अनेक ठिकाणी कोरड्या पडलेल्या टाक्यांना कोठारे आणि कोठारांना तालीम, तुरुंग किंवा खजिना अशी नावे लोकांत पडलेली आहेत.

शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, पन्हाळा व जिंजी यांचा समावेश असलेल्या बारा किल्ल्यांच्या समूहाला २०२५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यामुळे तेथील कोठारांकडेही अभ्यासकांचे व पर्यटकांचे लक्ष वेधले गेले आहे. मुळशीतील किल्ले त्या यादीत नाहीत. छत कोसळलेल्या कोठारात पावसाचे पाणी साचते, भिंतींत झाडांची मुळे शिरतात आणि सुटा झालेला घडीव दगड अन्य बांधकामासाठी उचलला जातो. ज्या ओलीशी कोठारांचे बांधणारे झगडले, तीच अखेर त्यांचा नाश करते. तट, बुरूज व दरवाजे यांवरून गडाचे सामर्थ्य दिसते. शिबंदी काय खात होती, किती दिवस लढू शकत होती आणि कोठे हतबल झाली, हे मात्र कोठारांच्या अवशेषांवरूनच समजते. म्हणून गडांच्या जतनकार्यात दरवाजे व तट यांच्या बरोबरीने कोठारांच्या जोत्यांची मोजणी, नकाशे व गिलाव्याचे रक्षण यांना स्थान मिळणे आवश्यक आहे.